पीट मॅराविच : ३,६६७ गुण आणि एका बापाचा हट्ट

कोर्टाकडेला (धागाकर्ता)

इथे क्रिकेट सोडून कशावरही लिहिलं की धागा दुसऱ्या दिवशी तळाला जातो, हे ठाऊक असूनही लिहितोय. मार्च २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधला गुणांचा जुना विक्रम मोडला आणि पीट मॅराविच हे नाव पुन्हा कानावर यायला लागलं. पण जिथे तिथे एका आकड्यापुरतंच: ३,६६७. आकडा खराच आहे. पण त्याच्याआड तो माणूस आणि त्याचा खेळ पार झाकला गेलाय, अशी माझी तक्रार आहे.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. जन्म २२ जून १९४७, पेनसिल्व्हेनियातलं अलिक्विपा, पोलादाच्या कारखान्याचं गाव. वडील प्रेस मॅराविच सर्बियन स्थलांतरितांच्या घरातले, दुसऱ्या महायुद्धात नौदलात वैमानिक, नंतर थोडंफार व्यावसायिक बास्केटबॉल आणि मग जन्मभर प्रशिक्षक. स्वतःला जे जमलं नाही ते पोराकडून करवून घ्यायचं, हे या गृहस्थांनी फार लवकर ठरवलं असावं. पोरगं हातात चेंडू घेऊन झोपायचं. सिनेमाला गेलं तर कडेची खुर्ची धरायचं, म्हणजे मधल्या वाटेत चेंडू टप्पे खात राहील. सगळ्यात कळस म्हणजे गाडीचा किस्सा. बाप गाडी चालवतोय, पोरगं मागच्या सीटवरून दाराबाहेर लोंबकळत रस्त्यावर चेंडू आपटतंय, आणि बाप मुद्दाम वेग कमीजास्त करतोय. का, तर वेग बदलला तरी चेंडूवरचा ताबा सुटता कामा नये. आज कुणी असं केलं तर व्हिडिओ व्हायरल होण्याआधी पोलीस दारात येतील.

लहानपणी तो कमरेपासून, पिस्तूल काढल्यासारखा चेंडू फेकायचा, म्हणून 'पिस्टल पीट'. हे नाव जन्मभर चिकटलं.

१९६६ मध्ये प्रेस नॉर्थ कॅरोलिना स्टेट सोडून लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (पुढे एलएसयू) आले. आदल्याच वर्षी त्यांच्या संघाने तिथल्या कॉन्फरन्सचं (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचं) विजेतेपद मिळवलेलं, म्हणजे चांगलं बस्तान सोडून आले. एलएसयू हे फुटबॉलवेडं कॉलेज (त्यांचा फुटबॉल, आपला नव्हे). बास्केटबॉल तिथे नावापुरतं. सामने व्हायचे कृषी कोलिझियममध्ये, जिथे एरवी गुराढोरांची प्रदर्शनं आणि रोडिओ भरायचे. पीटला तिथे जायचं नव्हतं, त्याचा डोळा वेस्ट व्हर्जिनियावर होता. बापाने बजावलं म्हणतात, की इथे सही केली नाहीस तर घरात पाऊल टाकू नकोस. सही झाली.

तेव्हाच्या नियमाने पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. त्यामुळे १९६६-६७ चा हंगाम पीट नवख्यांच्या संघात, आणि मुख्य संघाचा त्या वर्षीचा हिशेब ३ विजय, २३ पराभव. पुढच्या तीन हंगामांत पीटने सरासरी केली अनुक्रमे ४३.८, ४४.२ आणि ४४.५. एकूण ८३ सामने, ३,६६७ गुण. तिन्ही वर्षं देशात पहिला. पन्नास किंवा जास्त गुणांचे सामने २८.

तेव्हा तीन गुणांची रेघ (जिच्या बाहेरून मारलं की दोनऐवजी तीन गुण) नव्हती. ती कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात आली १९८६-८७ ला. शॉट क्लॉकही नव्हतं, म्हणजे समोरचा संघ हवा तितका वेळ चेंडू कुरवाळत बसू शकत असे.

आता माझं म्हणणं. मॅराविचचं खरं देणं म्हणजे त्याचे पास. पाठीमागून, पायांमधून, मान एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे. ते ज्यांच्या हातात पडायचे (किंवा तोंडावर आदळायचे, कारण सोबत्यांनाही अंदाज यायचा नाही) त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. गुणांचे तक्ते टिकले. आज एनबीएमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) जे पास बघून आपण टाळ्या पिटतो त्यातला बराचसा माल हा पोरगा १९६८ मध्ये गुरांच्या शेडमध्ये विकत होता, पायात ढगळ राखाडी मोजे घालून.

बोला.

---

सौ. निरुपद्रवी

वाचतेय. मला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण गाडीचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. ४४ म्हणजे चांगले का? आमच्या शाळेत २०-१८ असा स्कोअर लागायचा दोन्ही संघांचा.

---

कोर्टाकडेला

@सौ. निरुपद्रवी, चांगले म्हणजे, एकट्याने सामन्याला ३० केले तरी आजही कॉलेजमध्ये डोक्यावर घेतात. ४४ ची सरासरी तीन वर्षं टिकवणारा त्याच्याआधी कुणी नाही, नंतर कुणी नाही.

---

रिबाउंड

धागा चांगला, पण थोडी हवा काढतो.

धागाकर्त्याने एक आकडा सोईस्करपणे गाळलाय. मॅराविचने त्या ८३ सामन्यांत बास्केटवर ३,१६६ प्रयत्न केले. सामन्याला ३८ च्या वर! त्यातले १,३८७ आत गेले, म्हणजे ४४ टक्क्यांच्या आसपास. आणखी ८९३ गुण फ्री थ्रोचे (फाऊल झाल्यावर मिळणारा मोकळा शॉट, एक गुण). १,३८७ ची दुप्पट करा, ८९३ मिळवा, ३,६६७ बरोबर जुळतात.

सामन्याला ३८ शॉट मारायची मुभा जगात कुठला प्रशिक्षक देतो? ज्याचं आडनाव मॅराविच आहे तो. इतर चौघं काय करत होते, चेंडू आणून द्यायचं काम?

आणि पदरात काय पडलं? तीन हंगाम १४-१२, १३-१३, २२-१०. एकूण ४९ विजय, ३५ पराभव. एनसीएएच्या (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) मुख्य स्पर्धेत एकदाही प्रवेश नाही. त्याच वर्षांत तिकडे कॅलिफोर्नियातलं यूसीएलए ओळीने विजेतेपदं उचलत होतं. डिसेंबर १९६९ मध्ये दोघे समोरासमोर आले तर १३३-८४. विक्रम वगैरे ठीक, पण हा खेळ पाच जणांचा आहे.

---

वऱ्हाडी ठेचा

रिबाउंडभाऊशी सहमत. बाप परीक्षक, पोरगा पहिला. आमच्याकडे याला वेगळं नाव आहे.

---

कोर्टाकडेला

@रिबाउंड, आकडे गाळले नाहीत, तुमच्यासाठी ठेवले होते. :)

बापाने मोकळं रान दिलं हे मान्यच. शीर्षकातच हट्ट आहे. पण 'बाकीचे चौघं काय करत होते' याचं उत्तर केंटकीच्या सामन्यांत सापडतं. केंटकी म्हणजे अ‍ॅडॉल्फ रप यांचा संघ, तेव्हाचं बडं घराणं. त्यांनी काढलेली तोड साधी होती: पीटला काय मारायचे ते मारू द्या, बाकीच्या चौघांना उठू देऊ नका. सहा सामन्यांत पीटने केंटकीविरुद्ध सरासरी ५२ केले. सहाच्या सहा सामने एलएसयू हरलं. फेब्रुवारी १९७० मधल्या सामन्यात पीटचे ६४, केंटकीच्या डॅन इसलचे ५१, आणि निकाल १२१-१०५ केंटकीकडे. त्याच महिन्यात अलाबामाविरुद्ध ६९ (५७ प्रयत्न, २६ आत, १७ फ्री थ्रो). तो सामनाही गेला, १०६-१०४.

म्हणजे तुमचा मुद्दा खरा आहे आणि तरी पुरा नाही. ३-२३ वर आलेला संघ आहे. तो उचलून २२-१० वर नेला आणि १९७० मध्ये न्यूयॉर्कला एनआयटी या दुय्यम स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नेला. जॉर्जटाउनला एका गुणाने, ओक्लाहोमाला तीन गुणांनी हरवून. तिथे मार्केट युनिव्हर्सिटीने धुतलं हे खरं.

आता एक सामना सांगतो, ज्यात आकडे बाजूला ठेवता येतात. मार्च १९६९, जॉर्जियाच्या घरच्या मैदानावर. सामना बरोबरीत, जादा वेळ, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ. दुसऱ्या जादा वेळेत एलएसयूकडे आघाडी आली आणि पीटने ठरवलं की आता चेंडू कुणाला द्यायचाच नाही. शॉट क्लॉक नाहीच. मग तो नुसता ड्रिबल करत फिरतोय. डाव्या हाताने, उजव्या हाताने, पायांमधून, पाठीमागून. जॉर्जियाची पोरं मागे धावतायत, हात घालतायत, चेंडू तिथे नाहीच. घड्याळ उतरत चाललंय. शेवटच्या क्षणाला त्याने बास्केटकडे धड न बघता लांबून एक हुक (एका हाताने डोक्यावरून मारायचा शॉट) भिरकावला आणि तो जाळीत! त्याचे ५८, निकाल ९०-८०. आणि मैदानात धावत आल्या त्या जॉर्जियाच्या चीअरलीडर्स. आपला संघ हरलाय आणि या नाचतायत.

त्या हुकचे गुण दोनच. जिंकण्यासाठी त्यांची गरजही नव्हती. रिबाउंडसाहेब याला माज म्हणतील. मी म्हणणार नाही.

---

रिबाउंड

माजच म्हणतो. पण बघायला गेलो असतो, हेही कबूल.

---

बायूकाठचा

एलएसयूच्या गावातून, बॅटन रूजमधून हजेरी. कॉलेजच्या मैदानावरून रोज जाणं होतं, म्हणून दोन शब्द.

आजचं इनडोअर स्टेडियम 'पीट मॅराविच असेंब्ली सेंटर', सगळे 'पीमॅक' म्हणतात. गंमत अशी की पीट एलएसयूकडून या इमारतीत एकही सामना खेळलेला नाही. ती उघडली १९७२ च्या जानेवारीत, तोवर तो दोन वर्षं व्यावसायिक संघात. पण गुरांच्या शेडमध्ये तिकिटं मिळेनाशी झाली म्हणून इतकं मोठं स्टेडियम सुचलं, त्यामुळे लोक याला 'पीटने बांधलेलं घर' म्हणतात ते काही चूक नाही. त्याचं नाव दिलं १९८८ मध्ये, तो गेल्यावर. २०२२ मध्ये बाहेर पुतळाही बसला. मोजे ढगळच आहेत पुतळ्यात. :)

मात्र इथल्या जुन्या मंडळींसमोर 'वडिलांचा संघ वाईट होता' असं बोललात तर घरी जेवायला बोलावतात आणि तीन तास समजावतात.

प्रेस यांचा एकूण हिशेब काही बरा नाही, ७६ विजय ८६ पराभव. पोरगा कॉलेज सोडून गेल्यावर दोन वर्षांत त्यांनाही नारळ मिळाला. त्यांच्या जागी डेल ब्राउन आले. याच ब्राउननी नंतर पीटच्या प्रत्येक शॉटची जागा तपासून अंदाज काढला, की तीन गुणांची रेघ असती तर सरासरी ५७ झाली असती.

---

उंटावरचा शहाणा

एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये, म्हणून बोलतो.

साल १९६७. हे सगळं घडतंय अमेरिकेच्या दक्षिणेत, ज्या कॉन्फरन्समध्ये तोवर एकाही कृष्णवर्णीय मुलाने मुख्य संघातून बास्केटबॉल खेळलं नव्हतं. पहिला आला व्हँडरबिल्टचा पेरी वॉलेस. आणि तो कधी आला? १९६७-६८ च्याच हंगामात. दोघे एकाच वर्षी सुरू झाले, एकाच वर्षी, १९७० ला संपले, त्याच त्या गावांतून, त्याच त्या मैदानांवर खेळत फिरले. पीटला परगावीसुद्धा टाळ्या पडायच्या, वर जॉर्जियाचा किस्सा आहेच. वॉलेसला मिसिसिपीत शिव्या, धमक्या. तिथल्या ओल मिसच्या (मिसिसिपी विद्यापीठाच्या) मैदानावर त्याच्या डोळ्याजवळ मार लागला तेव्हा प्रेक्षकांनी आनंदाने आरडाओरडा केला. मध्यंतरानंतर मैदानात परत आला तो एकटा, संघ पुढे निघून गेलेला. हा मुलगा शाळेत पहिला आलेला, पुढे कायद्याचा प्राध्यापक झाला.

एलएसयूमध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू कॉलिस टेंपल. तो आला पीट कॉलेज सोडून गेल्यावर.

मी पीटला दोष देत नाही, विशीतला पोरगा तो. पण ३,६६७ मोजताना समोर कोण खेळत होतं, आणि कोणाला खेळूच दिलं जात नव्हतं, हेही मोजा. त्या भागातले उत्तमोत्तम खेळाडू तेव्हा वेगळ्या कॉलेजांत, वेगळ्या स्पर्धांत अडकवून ठेवले होते.

---

कोर्टाकडेला

@उंटावरचा शहाणा, पूर्ण सहमत, आणि हे मूळ लेखातच यायला हवं होतं असं कुणी म्हटलं तर वाद घालणार नाही. एवढीच भर घालतो, की एनबीएमध्ये, जिथे असं कुंपण नव्हतं, तिथे १९७६-७७ च्या हंगामात तोच गुणांमध्ये पहिला आला. सरासरी ३१.१. फेब्रुवारी १९७७ मध्ये न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एका सामन्यात ६८. आणि समोर होता वॉल्ट फ्रेझर, त्या काळातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक. तेव्हाही तीन गुणांची रेघ नव्हती. म्हणजे कुंपण काढून बघितलं तरी खेळाडू लहान होत नाही. कॉलेजच्या आकड्याचं वजन मात्र थोडं बदलतं, हे बरोबर.

---

मक्याचं कणीस

आयोवातून नमस्कार मंडळी! आमच्या केटलिनचं नाव पहिल्या ओळीत घेऊन सगळे लुईझियानात रमलात.

३ मार्च २०२४, ओहायो स्टेटविरुद्ध, नियमित हंगामातला शेवटचा सामना. मी घरी टीव्हीसमोर, लेकीला नाश्त्याची बशी हातात देऊन बसवलेली. सगळे वाट बघतायत तिच्या त्या लांबून, अगदी कोर्टाच्या मधल्या लोगोवरून मारलेल्या शॉटची. आणि विक्रम मोडला कशावर? फ्री थ्रोवर! मध्यंतराच्या तोंडावर ओहायोला टेक्निकल फाऊल (गैरवर्तनाचा, ज्याचे फ्री थ्रो समोरच्या संघाला) लागला, ही शांतपणे रेषेवर गेली आणि मारले. त्या दिवशी ३५ केले, आणि शेवटी कारकीर्द थांबली ३,९५१ वर, १३९ सामन्यांत.

तर मंडळी, लगेच सुरू झालं: 'तो तीन वर्षं खेळला, ही चार', 'त्याला रेघ नव्हती, हिला होती', 'बायकांचा चेंडू लहान असतो'. सगळं खरं आहे. पण मग सरासरीने बघायचं तर ४४ आणि २८, वाद तिथेच मिटला. तिला त्याची जागा कुणी दिलीच नाहीये, पुरुषांच्या यादीत तो अजून पहिलाच आहे. मग एवढा जीव का जळतो लोकांचा?

आणि अजून एक. चारच दिवस आधी तिने लिनेट वुडर्डला मागे टाकलं, ३,६४९. कॅन्ससची, १९७८ ते १९८१. तेव्हा मुलींचे खेळ एनसीएए बघतच नव्हतं, वेगळी संघटना होती, म्हणून तिचा विक्रम कित्येक वर्षं पुस्तकात धड नोंदलाच गेला नाही. जुन्या काळातल्या खेळाडूवर अन्याय झाला म्हणून गळे काढायचेच असतील तर तिच्यासाठी काढा. पीटच्या नावाने स्टेडियम आहे.

---

सौ. निरुपद्रवी

+१ मक्याचं कणीस. शेवटचा परिच्छेद तर +१००.

---

रिबाउंड

वादच नाही. वुडर्डवर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

कोर्टाकडेला

@मक्याचं कणीस, खरंच काढा, तुमच्याइतकं कुणी लिहिणार नाही.

बापाचा विषय निघालाच आहे तर क्लार्कच्या आदल्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी. २०२३, डेट्रॉइट मर्सीचा अँटवान डेव्हिस. करोनामुळे मिळालेलं जादा वर्ष धरून पाच हंगाम, १४४ सामने. प्रशिक्षक कोण? वडील, माइक डेव्हिस! म्हणजे पुन्हा तेच, प्रशिक्षक बाप आणि मोकळं रान. शेवटच्या सामन्यात विक्रम गाठायला २५ हवे होते, २२ झाले. थांबला ३,६६४ वर. संघाने १४ जिंकले, १९ हरले, त्यामुळे हंगामानंतरच्या कुठल्या छोट्या स्पर्धेचंसुद्धा बोलावणं आलं नाही. तीन गुणांसाठी राहिलं.

---

वऱ्हाडी ठेचा

अरे, हे तर आपले भाऊसाहेब निंबाळकर! डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनचे ४५२ हाकेच्या अंतरावर, आणि जेवणाच्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. गाठोडं बांधून गावी गेले. नऊ धावा!

---

उंटावरचा शहाणा

@वऱ्हाडी ठेचा, क्रिकेट आणल्याशिवाय राहवलं नाहीच ना. पण हे चपखल बसलं.

---

सौ. निरुपद्रवी

वडील, वडील, वडील. या घरात आई होती की नाही?

---

कोर्टाकडेला

होती. हेलन. हा भाग मी मुद्दाम टाळत होतो, पण विचारलंत तर. दारूचं व्यसन लागलं, आणि १९७४ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पीट तेव्हा नुकताच अटलांटा सोडून न्यू ऑर्लिन्सच्या संघात आला होता. नंतर तोही दारूत बुडालेला होता.

व्यावसायिक कारकिर्दीबद्दल थोडक्यात, कारण धागा कॉलेजचा आहे. १९७० मध्ये अटलांटा हॉक्सने एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, करार १९ लाख डॉलरच्या घरात. तेव्हा ही रक्कम ऐकून लोकांचे डोळे पांढरे झाले, आणि संघातल्या ज्येष्ठांना ती खुपली. मग न्यू ऑर्लिन्स जाझ. तिथे १९७८ च्या सुरुवातीला पायांमधून एक लांब पास टाकताना गुडघा गेला. ज्या खेळासाठी ओळख, त्याच खेळात. पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. शेवटी १९८० मध्ये काही महिने बॉस्टन सेल्टिक्समध्ये, जिथे लॅरी बर्ड नुकताच आलेला. त्याच हंगामात एनबीएने तीन गुणांची रेघ आखली. पीटने त्या हंगामात १५ वेळा तिथून मारला, १० आत. पुढच्या हंगामाआधी निवृत्त झाला, आणि त्या हंगामात सेल्टिक्सने विजेतेपद जिंकलं. एकूण ६५८ सामने, १५,९४८ गुण, सरासरी २४.२.

---

नागपाड्याचा जुना

उशिरा आलो. निवृत्तीनंतर तो योग, शाकाहार, हिंदू धर्म असं बरंच काही धुंडाळत होता ना? घराच्या छपरावर परग्रहवासीयांसाठी 'मला घेऊन जा' असा निरोप रंगवला होता म्हणे.

---

बायूकाठचा

हो, तो स्वतःच नंतर सांगायचा. १९८२ च्या सुमारास ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि तिथे स्थिरावला. गावोगावी जाऊन मुलांपुढे बोलायचा. वडिलांशीही शेवटी चांगलं जमलं, त्यांच्या कॅन्सरच्या आजारपणात तो सोबत होता. प्रेस एप्रिल १९८७ मध्ये गेले. त्याच वर्षी पीटला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

आणि ५ जानेवारी १९८८ ला पॅसाडेनात एका चर्चच्या जिममध्ये हौशी लोकांबरोबर खेळताना, मधल्या विश्रांतीत, कोसळला. वय ४०. शवविच्छेदनात कळलं की हृदयाची डावी रक्तवाहिनी जन्मतःच नव्हती. ज्या माणसाच्या हृदयाला निम्मा रक्तपुरवठा नाही तो एनबीएत दहा हंगाम पळत होता.

---

वऱ्हाडी ठेचा

त्याने १९७४ मध्येच एका मुलाखतीत म्हटलं होतं ना, की एनबीएत दहा वर्षं खेळून चाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने मरायचं नाही मला? दहा वर्षं, चाळीस, हृदय. तिन्ही खरं झालं. याला काय म्हणाल?

---

उंटावरचा शहाणा

योगायोग म्हणू. पंचविशी ओलांडलेला प्रत्येक खेळाडू थकल्यावर असलं काहीतरी बोलतो. ज्यांचं खरं होत नाही त्यांच्या मुलाखती कुणी उकरून काढत नाही.

---

कोर्टाकडेला

अगदी. आणि कृपया धागा त्या वळणावर नेऊ नका, प्रत्येक ठिकाणी चर्चा तिथेच जाऊन बसते आणि खेळ राहतो बाजूला.

---

नागपाड्याचा जुना

बरं, खेळावर येतो. आमच्या काळी नागपाड्यात सिमेंटच्या कोर्टावर कुणी पाठीमागून पास टाकला की सर शिट्टी मारून खेळ थांबवायचे आणि टाकणाऱ्याला कोर्टाच्या फेऱ्या. 'तमाशा बाहेर कर' हे वाक्य ठरलेलं. मॅराविचचं नाव तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. पुढे त्याच्या सरावाच्या व्हिडिओ कॅसेटची कुणीतरी करून आणलेली नक्कल बघितली आणि सरांचं का पटत नव्हतं ते कळलं. तो जे करतो त्यात नखऱ्याचा भाग फार थोडा. सगळं घोटून घोटून बसवलेलं.

एक व्यायाम सांगतो, घरीही करता येतो. पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहा. चेंडू दोन पायांच्या मधे धरा, एक हात पुढून, दुसरा मागून. आता चेंडू सोडायचा आणि तो खाली पडायच्या आत हातांची अदलाबदल करायची, पुढचा मागे, मागचा पुढे. एकदा जमलं की लगेच परत. आधी दहा वेळा चेंडू पळतो. मग केव्हातरी हात आपोआप जायला लागतात, आणि गंमत म्हणजे चेंडू जागचा हललाय असं वाटतच नाही.

दुसरा: चेंडू समोरून जोरात पायांमधे आपटायचा, टप्पा खाऊन तो मागे उसळतो, तो पाठीमागे दोन्ही हातांनी झेलायचा. न बघता. याच्यात आधी कुठे लागतं ते सांगत नाही, इथे महिला वाचक आहेत.

@रिबाउंड, तुमच्या ३८ शॉटच्या हिशेबाला माझं उत्तर इतकंच, की हे दोन व्यायाम पंधरा दिवस करा आणि मग सांगा, की हे हात बापाच्या वशिल्याने येतात का.

---

रिबाउंड

हातांबद्दल तक्रार कधीच नव्हती, नागपाडेकर. हात देवाचे. पण ते हात सामन्याला ३८ वेळा बास्केटकडेच जात होते आणि पास देण्यासाठी त्याहून कमी वेळा, हा माझा मुद्दा कुणी खोडलेला नाही. धागाकर्ता म्हणतो, खरा खेळाडू पासचा. मग बापाने त्याला ४४ गुण करायला लावून आपल्याच पोराचं नुकसान केलं असं नाही का?

---

कोर्टाकडेला

हो. तेच म्हणतोय मी सुरुवातीपासून. तुम्ही माझ्या बाजूने आलात, अभिनंदन.

---

रिबाउंड

अजिबात नाही. मी म्हणतो तो दुसऱ्या कुठल्या कॉलेजात गेला असता, तर गुण २५, विजेतेपद एखादं, आणि आज हा धागा निघालाच नसता.

---

मक्याचं कणीस

हे मात्र पटलं. आमच्या केटलिननेही विजेतेपद न जिंकताच विक्रम केलाय. दोनदा अंतिम सामन्यात हरली.

---

सौ. निरुपद्रवी

@नागपाड्याचा जुना, चिरंजीव तुमचा पहिला व्यायाम हॉलमध्ये करतायत. दुसरा करू दिलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू आत्ताच येऊन गेल्या, त्यांना पीट मॅराविच कोण ते सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. फोमचा चेंडू चालतो का?

---

नागपाड्याचा जुना

नाही चालत, उसळत नाही. गच्चीवर पाठवा.